करडू गुबगुबीत, केतकी फिकट

मुलांनो, आधी कोडं घालतो.

एका फोनने एका मुलीबद्दल दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, ही मुलगी रोज पालेभाजी संपवते. दुसरी, हिच्या रक्तात लोह कमी आहे. फोन बिघडलेला नव्हता आणि मुलगी खोटं बोलत नव्हती. मग हे झालं कसं?

मला उत्तर सुचलं नव्हतं. तुम्हाला सुचलं तर मनात ठेवा, शेवटी ताडून बघा.

ती मुलगी म्हणजे माझी नात केतकी, वय साडेपाच. तिचे आईवडील कोकणच्या समुद्रात उभ्या केलेल्या पवनचक्क्यांवर (वाऱ्याने फिरून वीज तयार करणारी उंच यंत्रं) काम करतात. तिथे लहान मुलांना नेता येत नाही, म्हणून केतकी बार्शीला आमच्याकडे राहते. आमच्याकडे म्हणजे माझ्याकडे आणि तिच्या आजीकडे. आजी उन्हाळ्यात गेली. आता माझ्याकडे.

केतकी जिना चढताना मध्येच पायरीवर बसायला लागली, तेव्हा तिला डॉक्टरांकडे नेलं. हिमोग्लोबिन (रक्तातला लाल पदार्थ, हा अंगभर प्राणवायू पोचवतो) कमी निघालं. ते तयार व्हायला लोह लागतं. डॉक्टरांनी लोहाचं औषध दिलं. औषध चालू होतं तोवर रक्त वाढलं, औषध संपलं की पुन्हा उतरलं.

डॉक्टर म्हणाले, "आजोबा, औषध म्हणजे रिकाम्या टाकीत बादलीने पाणी ओतणं. टाकी भरलेली राहायला नळ चालू पाहिजे. नळ म्हणजे जेवण. ही काय खाते?"

केतकी खायची भाकरी, दूध, शेंगदाण्याची चटणी आणि केळं. हिरवं काही दिसलं की तोंड फिरवायची. मग आरोग्य केंद्रातून आमच्या फोनमध्ये 'करडू' आलं.

करडू म्हणजे शेळीचं पिल्लू. पांढरं, कानाला काळा ठिपका. ते फोनच्या पडद्यावर राहतं. जेवायच्या आधी फोन ताटासमोर उभा करायचा. करडू वाकून बघतं आणि विचारतं, "आज काय काय आहे गं?" केतकी सांगते. मग ती जेवते. जेवण झालं की करडू पुन्हा ताट बघतं आणि विचारतं, "संपलं?" जितकी भाजी ताटातून कमी झाली असेल तितकी त्याच्या ताटात येते. ते मचमच खातं, उड्या मारतं आणि दिवसागणिक मोठं होतं. भाजी उरली तर ते रागवत नाही. नुसतं बसून राहतं.

आता फोनला भाजी किती कमी झाली ते कळतं कसं? मी एसटीच्या डेपोत वायरमन होतो, मला अशा गोष्टींचं कुतूहल आहे. साधा फोटो सपाट असतो. त्यात भाजीचा ढीग किती उंच आहे ते दिसत नाही. म्हणून हा फोन ताटावर अवरक्त किरण (आपल्या डोळ्यांना न दिसणारा प्रकाश) सोडतो. ते भाजीवर आपटून परत येतात. उंच भागावरून लवकर येतात, खोल भागावरून जरा उशिरा. त्यावरून फोन ढिगाची उंची काढतो. उंची, लांबी आणि रुंदी कळली की आकारमान (वस्तूने व्यापलेली जागा) कळतं. जेवणाआधीचं आकारमान वजा जेवणानंतरचं आकारमान. झालं. तुम्ही दुसरीत शिकता तीच वजाबाकी.

याच फोनमध्ये आणखी एक सोय आहे. दर रविवारी डोळ्याची खालची पापणी हळूच खाली ओढून आतल्या भागाचा फोटो काढायचा. तिथे कातडी पातळ असते, रक्ताचा रंग दिसतो. रंग गडद लाल असेल तर ठीक. फिकट असेल तर रक्त कमी. सुई नाही, रडारड नाही. हे ज्यांनी शोधलं त्यांचं मला फार कौतुक वाटतं.

पहिल्या आठवड्यातच केतकीची भाजी रोज संपायला लागली. मेथी असो, माठ असो, शेपू असो, वाटी चाटूनपुसून स्वच्छ. करडू इतकं वाढलं की पडद्यात मावेना. मला वाटलं, जिंकलो.

पण पापणी फिकटच. पुढच्या रविवारी फिकट. त्याच्या पुढच्याही.

माझी मुलगी वैजयंती समुद्रावरून बोलायची तेव्हा तिला करडू आणि पापणी दोन्ही दिसायचं.

"बाबा, हे करडू राहिलं नाही, बोकड झालाय," ती एकदा म्हणाली. "तुम्ही माझ्या मुलीच्या वाटचं त्यालाच घालताय की काय?"

"अगं, संपवते ती. ताट मी घासतो, मला माहीत आहे."

"मग रक्त कुठे जातंय?"

 मग तीच हळू आवाजात म्हणाली, "बाबा, रत्नागिरीला आमच्या कंपनीचं निवासी बालघर आहे. तिथे आहारतज्ज्ञ असतात. दिवाळीला येते तेव्हा हिला घेऊन जाते. तुमच्यावर एकट्यावर फार पडतंय."

"बघ. तुला पटेल ते कर," मी म्हणालो.

फोन ठेवला आणि भाकरीचं पीठ मळायला बसलो. त्या दिवशी पीठ गरजेपेक्षा जास्त मळलं गेलं. केतकी गेली तर घरात कुणाशी बोलायचं, हे मला ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी करडू तयार करणाऱ्यांना निरोप पाठवला, तुमचं यंत्र बिघडलंय म्हणून. त्यांनी दुसरं यंत्र पाठवलं नाही. डॉ. समीना तांबोळी स्वतः सोलापूरहून विजेच्या एसटीने आल्या. करडू त्यांनीच बनवलं होतं. तिशीतल्या असतील. पाठीवर पिशवी, पायात साध्या चपला. आल्या त्या सरळ केतकीसमोर फरशीवर मांडी घालून बसल्या.

"तू केतकी ना? तुझं करडू महाराष्ट्रात सगळ्यात जाड आहे, माहीत आहे का?"

केतकी लाजली आणि माझ्यामागे लपली.

"काका," त्या मला म्हणाल्या, "यंत्र दोन गोष्टी सांगतंय आणि त्या जुळत नाहीत. अशा वेळी आधी काय करायचं?"

"दोन्ही मीटर तपासायचे," मी म्हणालो.

"बरोबर. चला."

त्यांनी आधी पापणीचा फोटो तपासला. केतकीच्या बोटातून रक्ताचा एक थेंब घेतला, तिने ओठ घट्ट मिटून घेतले पण रडली नाही. छोट्या यंत्रावर आकडा आला. फोन सांगत होता तोच.

मग ताटाचा कॅमेरा. त्यांनी भाजी वजन करून वाटीत घातली, थोडी काढली, फोनला दाखवली. फोनने अचूक सांगितलं. मग त्यांनी थोडी भाजी भाकरीखाली लपवली.

"खूप मुलं असं करतात," त्या हसत म्हणाल्या.

फोन लगेच म्हणाला, "भाकरी जरा उचल ना गं." केतकी खुदकन हसली. करडूला फसवता येत नव्हतं.

जेवायची वेळ झाली. समीनाताई म्हणाल्या, "रोज जेवता तसंच होऊ द्या." मी केतकीला मागच्या पडवीत पाट मांडून दिला. शेपूची भाजी मूगडाळ घालून केली होती. फोन उभा केला, करडूने ताट बघितलं. मग मी जेवणाआधी नेहमी करतो ते केलं. भाजीभाकरीचा एक घास काढला, मागच्या अंगणात धुण्याच्या दगडावर कावळ्यांसाठी ठेवला आणि हात जोडले. मग स्वयंपाकघरात येऊन पुढची भाकरी थापायला लागलो. समीनाताई माझ्याशी बोलत ओट्यापाशी उभ्या राहिल्या. गरम भाकरी घेऊन मी पडवीत गेलो तेव्हा शेपूची वाटी स्वच्छ होती. करडूने विचारलं, "संपलं?" केतकी म्हणाली, "संपलं." करडू नाचायला लागलं.

समीनाताई वाटीकडे बघत राहिल्या.

"काका, दोन्ही मीटर बरोबर आहेत."

"असं कसं होईल?"

"तुम्ही एसटीत होतात ना? डिझेलचा काटा काय मोजतो?"

"डिझेल," मी म्हणालो आणि लगेच थांबलो. कारण ते खरं नाही. जुन्या गाड्यांच्या टाकीत एक तरंगता गोळा असायचा. डिझेल कमी झालं की गोळा खाली, गोळा खाली गेला की काटा खाली. काट्याला फक्त गोळ्याची उंची कळते. गाडी चालून डिझेल जळलं असो किंवा टाकीला भोक पडून रस्त्यावर सांडलं असो, काटा सारखाच उतरतो.

"म्हणजे गळती!" मी म्हणालो.

"हो. माझं करडू 'केतकीने किती खाल्लं' हे मोजतच नाही. 'ताटातून किती गेलं' हे मोजतं. दोन्ही एकच, असं मी धरून चालले होते. चूक यंत्राची नाही. माझ्या धरून चालण्यात आहे."

मला त्या बाईंचं नवल वाटलं. आपण घडवलेल्या वस्तूची मर्यादा इतकी सरळ सांगणारी माणसं मी फार बघितली नाहीत. पण त्याच वेळी मला वाईटही वाटलं. मी म्हणालो, "माझी नात लबाडी करत नाही."

"मी तसं म्हटलंच नाही. तिला अजून कुणी विचारलेलंच नाही."

त्या पुन्हा केतकीसमोर बसल्या. भाजी खाल्लीस का, असं त्यांनी विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "केतकी, वाटीतली भाजी कुठे गेली?"

"आजीला," केतकी म्हणाली. जणू हे सगळ्यांना माहीतच आहे.

ती उठली आणि त्यांचं बोट धरून अंगणात घेऊन गेली. मी मागे गेलो. धुण्याच्या दगडावर माझा घास होता आणि त्याच्या शेजारी शेपूचा चांगला मोठा ढीग, भाकरीच्या तुकड्यावर नीट रचलेला. पेरूच्या झाडावर चार कावळे बसले होते. आम्ही बाजूला होताच ते उतरले. मी ताट घासायला येईपर्यंत दगड रोज साफ होत असणार.

"आजोबा रोज एक घास आजीला ठेवतात," केतकी समीनाताईंना समजावू लागली. "पण एका घासाने कुणाचं पोट भरतं का? आजीला शेपू किती आवडतो! मेथीपण आवडते. म्हणून मी माझी सगळी भाजी देते. भाकरी नाही देत, तिला दात नाहीत. एकच तुकडा देते, खाली धरायला."

मी धुण्याच्या दगडाजवळ बसलो. फोनमधलं करडू गुबगुबीत झालं होतं, पेरूवरचे कावळे गुबगुबीत झाले होते. आणि माझी नात आजी उपाशी राहू नये म्हणून स्वतःच्या वाटीतलं देत होती.  

समीनाताईंनी तिला विचारलं, "तू स्वतः शेपू कधी चाखलास का गं?"

"एकदा. शी! वास येतो."

"येतोच. तुला त्या वासाची भीती वाटते, आणि त्यात तुझी काही चूक नाही. ऐक. खूप खूप वर्षांपूर्वी माणसं रानात राहायची. लहान मूल चालायला लागलं की दिसेल ते पान तोंडात घालायचं. काही पानं विषारी असायची. जी मुलं अनोळखी पानाला 'शी' म्हणायची ती वाचायची. त्या मुलांची आपण नातवंडं. म्हणून अनोळखी खाण्याची भीती आपल्या सगळ्यांत आहे. तिला नवान्नभीती (नव्या अन्नाची वाटणारी भीती) म्हणतात."

"मग ती जात नाही?"

"जाते. तुझ्या घरी पहिल्यांदा कुणी पाहुणा आला की तू काय करतेस?"

"आजोबांच्या मागे लपते."

"आणि तोच पाहुणा पुन्हा पुन्हा आला तर?"

"मग नाही लपत."

"जिभेचंही तसंच. एकेक चिमूट चाखायची, आठ-दहा वेळा, कुणाला पंधरा वेळा लागतं. पोटात दुखलं नाही, कुणी रागावलं नाही, की डोकं जिभेला सांगतं, हा ओळखीचा आहे, येऊ दे. पण कुणी जबरदस्तीने तोंडात कोंबलं तर भीती वाढते. आणि एक गोष्ट आहे. आपलं माणूस समोर बसून तेच खात असेल तर भीती लवकर जाते." त्या माझ्याकडे वळल्या. "काका, तुम्ही कधी जेवता?"

"हिचं झाल्यावर. भाकरी तव्यावरून थेट ताटात आली पाहिजे. हिच्या आजीने मला जन्मभर तशी वाढली. हिला गार कशी वाढू?"

"म्हणजे ही एकटी जेवते."

"करडू असतं की," मी म्हणालो. माझ्याच तोंडून ते ऐकलं तेव्हा मला समजलं.

समीनाताई केतकीला म्हणाल्या, "असं केलं तर? आजीला द्यायच्या आधी प्रत्येक भाजी तू एक चिमूट चाखायची. आवडली नाही तर थुंकून टाक, कुणी काही म्हणणार नाही. मग आजीला दे."

केतकी घाबरून माझ्याकडे बघायला लागली. "पण ते उष्टं होईल! देवाला आणि आजीला उष्टं चालत नाही."

समीनाताईंनीही माझ्याकडे बघितलं. या प्रश्नाचं उत्तर मला माहीत होतं.

"देवाला चालत नाही, खरं आहे," मी म्हणालो. "आजीची गोष्ट वेगळी. तू एवढीशी होतीस तेव्हा तुझ्या वाटीत उरलेला वरणभात कोण खायचं?"

"आजी."

"अर्धं चावलेलं बिस्कीट?"

"आजी." केतकीला हसू आलं. "चोखलेला आंबापण!"

"कुमुदला, म्हणजे तुझ्या आजीला, तुझं उष्टंच आवडायचं. मी नुसता घास ठेवतो तो ती माझ्यावरच्या मायेपोटी खात असेल. तू चाखून दिलास तर तिला खरी चव लागेल."

केतकीने नीट विचार केला. मग गंभीरपणे मान हलवली.

त्या दिवसापासून आमच्या घरात दोन बदल झाले. मी सगळ्या भाकऱ्या आधी करून ठेवतो आणि दोन पाट समोरासमोर मांडतो. आणि केतकी आजीचा घास चाखून ठेवते. डॉक्टरांनी औषध पुन्हा चालू केलं. भाजीवर लिंबू पिळायलाही सांगितलं, कारण लिंबातल्या क जीवनसत्त्वामुळे (शरीराला अगदी थोडा लागणारा, पण लागणारच असा पदार्थ) भाजीतलं लोह रक्तात जास्त जातं.

सुरुवातीला तिने चाखलं की तोंड असं वाकडं व्हायचं की मला हसू दाबावं लागायचं. "आजी, कसं खातेस गं हे?" असं ती कावळ्यांना ओरडून विचारायची. मी समोर बसून शेपू खायचो. खरं सांगतो, मलाही शेपू फारसा आवडत नसे. मीही तिच्याबरोबर शिकलो.

करडू रोडावलं, कारण केतकी आता दगडावर ठेवलेलं करडूला खरं खरं सांगायची. पण समीनाताईंनी त्याला नवीन गोष्ट शिकवली होती. ते आता "संपलं?" असं विचारत नाही. "भाजी कुठे कुठे गेली?" असं विचारतं आणि उत्तर ऐकून घेतं. त्या सांगत होत्या, इतर गावांतल्या मुलांनी काय काय उत्तरं दिली. एक मुलगा धाकट्या बहिणीला भरवायचा. एक मुलगी अंगणातल्या मुंग्यांना द्यायची. एकही लबाड निघालं नाही.

दिवाळीला वैजयंती आली. केतकीचे कपडे न्यायला तिने एक रिकामी बॅग आणली होती. ती मी बघितली. दुपारी तीन पाट मांडले. शेपू होता. केतकीने घास काढला, चाखला, दगडावर ठेवायला उठली आणि मध्येच थांबली. हातातल्या घासाकडे बघितलं. त्यातला निम्मा तिने परत आपल्या वाटीत टाकला.

"आजी," ती पेरूच्या झाडाकडे बघून म्हणाली, "आज तुला एवढाच. मलापण आवडतो आता."

वैजयंतीने माझ्याकडे बघितलं. मी भाकरी मोडत होतो.

जेवण झाल्यावर तिने स्वतः केतकीची पापणी खाली ओढून फोटो काढला. रंग पूर्ण लाल नव्हता, पण फिकटही नव्हता. भाऊबीज झाल्यावर ती गेली, तेव्हा बॅगेत आमच्या घरची चकली आणि शेव होती. केतकीचे कपडे कपाटातच राहिले.

संक्रांतीनंतर औषध थांबलं. रक्त उतरलं नाही. नळ चालू होता.

मुलांनो, तुमच्यापैकी कुणी पुढे यंत्रं बनवेल. आपल्यापेक्षा कितीतरी हुशार यंत्रं. त्यांच्यावर जरूर विश्वास ठेवा. पण प्रत्येक यंत्राला एकदा विचारा, तू नेमकं काय मोजतंस? आणि दोन मीटर जुळले नाहीत तर कुणावर ओरडण्याआधी समोरच्या माणसाजवळ बसून त्यालाही विचारा.

परवा केतकी म्हणाली, ती मोठेपणी असा फोन बनवणार आहे, जो आजीला आज काय खावंसं वाटतंय ते सांगेल. मी म्हटलं, बनव. तोवर आम्ही अंदाजानेच घास ठेवतो. जेवायला बसेपर्यंत भाकरी गार झालेली असते. चालते.